जुन्या टीपॉयला रंग द्यायचाय? आधी स्पिरीटचा बोळा फिरवा

दिवाळीच्या आधी एक टीपॉय घेतला, जुन्या सामानाच्या दुकानात कपाटामागं उलटा पडलेला, एक पाय हलत होता आणि वरच्या फळीवर चहाच्या कपांची पांढरी कडी उमटलेली. दुकानवाले मामा म्हणाले, "ताई, सागवान हाय, आठशे द्या." मी म्हटलं, मामा, सागवान असतं तर तुम्ही असं उलटं टाकून ठेवलं असतं काय? हसले आणि सहाशेला दिला. घरी आणून घासल्यावर कळालं की दोघंही अर्धे बरोबर होतो, पाय सागवानाचे आणि वरची फळी म्हणजे प्लायवर चिकटवलेला पातळ व्हिनियर, लाकडाचा पापुद्रा. आता तोच टीपॉय शेवाळी रंगाचा होऊन हॉलमध्ये बसलाय आणि येणारा प्रत्येकजण विचारतो कुठून घेतला, मग कसा केला, मग आमच्याकडंपण एक पडलंय बघ. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी काय मेस्त्री नाही, दिवसभर पतसंस्थेत बसते आणि रविवारी गॅलरीत हे उद्योग करते, आणि यातल्या जवळजवळ सगळ्या चुका स्वतः करून झाल्यात.

पहिलं म्हणजे वस्तू कुठं शोधायची. आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीकडं आणि गावात इकडंतिकडं जुन्या सामानाची दुकानं आहेत, पण खरा खजिना नातेवाइकांच्या माळ्यावर असतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत जुनं घर पाडून अपार्टमेंट होणार असलं की चौरंग, फडताळं, स्टुलं, आरामखुर्च्या असं सगळं बाहेर येतं आणि बरंचसं पाणी तापवायच्या बंबात जातं. कोल्हापूरच्या माणसाला बंबाला लाकूड दिसलं की राहवत नाही, त्यामुळं वेळेत पोचायचं.

आपल्याकडं एक गोष्ट मात्र बघायलाच लागते, पूर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकडच्या भागात घरंच्या घरं पाण्यात होती आणि त्यातलं फर्निचर वाळवून, पुसून परत विकायला आलेलं असू शकतं. वस्तू उलटी करा, पायांच्या आतल्या बाजूला एका उंचीवर आडवी मळकट रेघ दिसते का बघा. प्लाय असेल तर कडेला नखानं दाबा, फुगलेला किंवा पापुद्रे सुटलेला असेल तर सोडून द्या, त्याला कुठलाच रंग वाचवत नाही. भरीव सागवान पुरात भिजून वाळलेलं असेल तर चालतं, फक्त सांधे सैल झालेले असतात.

तसंच बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. अशी वस्तू घरात न्यायचीच नाही, बाहेर ठेवून वाळवी-किडीचं औषध सिरिंजनं एकेका भोकात सोडायचं, हातमोजे घालून, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस तशीच ठेवायची. आणि भुसा परत पडतोय का बघायला खाली काळा कागद घालायचा.

आता एक भांडणाचा मुद्दा. सगळं रंगवायचं नसतं. शिसवी खुर्ची किंवा जुना सागवानी देव्हारा, ज्याच्या लाकडाच्या रेषा अजून नीट दिसतात, त्याला पांढरा रंग फासणारी माणसं मी बघितलीत आणि मला त्रास होतो. तिथं साफसफाई आणि नवीन पॉलिश एवढंच करा. रंग कशाला, तर जिथं वरचा भाग एका लाकडाचा आणि पाय दुसऱ्याचे, जिथं आधीच कुणीतरी ऑइल पेंट फासलाय, जिथं डाग निघतच नाहीत, किंवा साधं जंगली लाकूड आहे. माझा टीपॉय यात बसत होता, म्हणून हात लावला.

घरी आणल्यावर रंगाचा डबा लगेच उघडायचा मोह होतो, तो आवरा. आधी धुणं. म्हणजे बादली ओतायची नाही, कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून फडकं घट्ट पिळून पुसायचं, मग साध्या पाण्यानं परत पुसायचं. स्वयंपाकघरातली मांडणी असेल तर त्याच्यावर फोडणीच्या तेलाचा थर असतो आणि त्याच्यावर रंग धरतच नाही. एक दिवस वाळू द्या.

आणि मग बोळा. सगळ्या कामाचा जीव यात आहे असं मला वाटतं, लोक हेच सोडतात आणि महिन्यानं रंगाचे पोपडे निघाले की रंगाला शिव्या देतात. लाकडावर आधी काय लावलंय ते ओळखायचं. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाले वापरतात ते स्पिरीट घ्या, छोटी बाटली पुरते. खिडक्या उघड्या ठेवा, गॅसपासून लांब बसा. कापसाचा बोळा भिजवून टीपॉयच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथं दिसत नाही तिथं, अर्धा मिनिट दाबून धरा. माझ्या टीपॉयला बोळा लावला तर वीसेक सेकंदात खालचं पॉलिश बोटाला गुळाच्या पाकासारखं चिकटायला लागलं आणि कापूस तांबूस झाला. म्हणजे हे जुनं स्पिरीट पॉलिश, चपड्याचं, चपडा म्हणजे पापुद्र्यासारखी सुकी लाख. कपांची पांढरी कडी हीपण त्याचीच खूण, लाखेच्या पॉलिशवर गरम आणि ओलं ठेवलं की पांढरं होतं. स्पिरीटनं काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी थिनरचा बोळा लावा, त्यानं मऊ झालं तर लॅकर आहे. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल पेंट समजा. ते सगळं काढत बसायची गरज नाही, घासून खरखरीत केलं की झालं. सनमायका असेल तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं (सँडपेपरनं) घासून आधी गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावायलाच लागतो, नाहीतर नखानं रंग सोलून येतो.

आधीचा ऑइल पेंट जुना असेल तर जरा थांबा. पूर्वीच्या रंगात शिसं बरंच असायचं, आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळं त्याच्या आधीचा ऑइल पेंट कोरडा घासून धूळ उडवायची नाही. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलं घासायचं, मास्क लावायचा, लहान पोरं लांब आणि ते पुसलेलं फडकं टाकून द्यायचं. घरात रांगतं बाळ असेल तर अशी वस्तू नकोच.

हलणारा पाय रंगाच्या आधीच नीट करायचा. जुन्या सांध्यात सरस, म्हणजे पूर्वीचा लाकूड चिकटवायचा गोंद, भरलेला असतो, तपकिरी, काचेसारखा तडकणारा. नवीन फेविकॉल त्या सरसावर धरत नाही म्हणून पाय पूर्ण उपसून काढा, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळलं की सरस मऊ होतो, मग जुन्या चाकूनं खरवडा आणि नीट वाळू द्या. फेविकॉल भरून पाय बसवला की क्लॅम्प कुणाकडं असतो? सुतळी घ्या, चारी पायांभोवती दोनदा फिरवून गाठ मारा, मध्ये एक लाटणं अडकवा आणि पीळ देत जा, बाजेची दोरी ताणतो तसं. सांध्यातनं फेविकॉल बाहेर यायला लागला की बास, लाटणं तिथंच बांधून ठेवा आणि २४ तास विसरा. (त्या दिवशी चपात्या होत नाहीत हे घरात आधी सांगून ठेवावं.)

घासायला पॉलिश पेपर लागतो, १२०, १८० आणि २२० नंबर. रेषांच्या दिशेनं घासायचं, आडवं नाही. व्हिनियरवर मशीन अजिबात चालवू नका, तो इतका पातळ असतो की दोन मिनिटात खालचा प्लाय दिसायला लागतो, मी एका कपाटाच्या दाराला हे करून बसलेय. रंगच द्यायचा असल्यामुळं सगळं पॉलिश काढायला नको, चमक जाऊन हाताला एकसारखं खरखरीत लागलं की पुरे. भोकं, खाचा लांबीनं (पुट्टीनं) भरा आणि परत २२० मारा.

इथपर्यंत सगळं बरोबर केलं आणि तरी माझा पहिला रंग वाया गेला. पहिल्यांदा मी टीपॉयला ऑफ व्हाइट देत होते. पहिला कोट दिला, तासाभरात कडेला गुलाबी ढग उमटले. वाटलं पातळ झाला असेल. दुसरा कोट दिला, परत गुलाबी, आता अजून पसरलेले. तिसरा कोट देणार तोवर शेजारचे पॉलिशवाले काका जिन्यातनं बघून म्हणाले, "दहा कोट दिलास तरी वर येणार गं ते, आधी चपडा मार." कारण असं की सागवान, शिसवी असल्या लाकडात स्वतःचा रंग आणि टॅनिन असतं आणि जुन्या पॉलिशमध्ये लाल रंग कालवलेला असतो. पाण्यातला रंग लावला की हे सगळं त्या पाण्यात विरघळून वर येतं. लाख मात्र स्पिरीटमध्ये विरघळलेली असते आणि वाळली की मध्ये पडद्यासारखी बसते, खालचं खालीच राहतं.

५० ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्पिरीटमध्ये टाकून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचा, मधनंमधनं हलवायचा, सकाळी जुन्या सुती ओढणीतनं गाळून घ्यायचा. दोन पातळ हात (कोट), मध्ये तासभर. एवढंच. मात्र पावसाळी दमट दिवशी करू नका, हवेतली ओल बसून तो पांढुरका होतो. हलका रंग द्यायचा असेल तर चपडा मारायलाच पाहिजे, गडद रंगाखाली नाही मारला तरी फारसं दिसत नाही. मी मात्र त्या गुलाबी प्रकरणानंतर घाबरून शेवाळी रंगाखालीपण मारलाच.

आता रंग. टीपॉयला दिलाय त्या सजावटी मॅट रंगाला सगळे चॉक पेंट म्हणतात, ते नाव इंग्लंडमधल्या अ‍ॅनी स्लोन या बाईंचं, त्यांनी १९९० मध्ये ऑक्सफर्डला हा रंग काढला. त्याची खासियत म्हणजे फार घासायला लागत नाही, बऱ्याच गोष्टींवर धरतो आणि खडूसारखा मॅट दिसतो. बाहेरचा डबा मागवायचा तर टीपॉयपेक्षा रंग महाग होतो. म्हणून घरी करा. ३ वाट्या मॅट इमल्शन, १ वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी), १ वाटी पाणी. आधी पीओपी पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या आणि लगेच रंगात ओतायचं, उलटं नाही. आणि एका वेळी एका हाताला पुरेल एवढंच करा, कारण पीओपी पाणी पिऊन परत दगड होतो, तो त्याचा धर्मच आहे. मी पहिल्यांदा सगळं एकदम कालवलं, मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून उठले, परत आले तर वाटीत चमचा उभा. तो चमचा अजून त्या वाटीतच आहे. ही कटकट नको असेल तर पीओपीच्या जागी खडू पावडर घ्या, दुकानात व्हाइटिंग म्हणतात, ती घट्ट होत नाही आणि उरलेला रंग आठवडाभर झाकून ठेवता येतो. पोत जरा कमी खरखरीत येतो, पण नवशिक्यांनी हेच करावं असं माझं मत.

पीओपी आणायला मी कुंभार गल्लीकडं गेले, म्हटलं गणपतीवाल्यांना लागणारा माल तिथंच ताजा मिळणार. दुकानदार म्हणाला, "किती पोती?" मी म्हटलं दोन किलो. "गणपती करायलाय काय घरात?" नाही ओ दादा, टीपॉय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बास. पण तिथं जायचा फायदा असा झाला की मूर्तीच्या किरीटाला सोनेरी कसं लावतात ते बघायला मिळालं, ब्रश जवळजवळ कोरडा, आधी कागदावर पुसून घेतलेला आणि फक्त उंच भागाला हलका फिरवायचा. टीपॉयच्या पायाच्या खराद केलेल्या कड्यांना मी तेच केलंय.

पांढरी पावडर पडल्यामुळं रंग फिका होतो, तेव्हा पाहिजे त्यापेक्षा दोन शेड गडद घ्या. मोरपंखी, शेवाळी, विटकरी, जुन्या दारांचा निळा हे सगळे चांगले उठतात. तांबडा आणि पांढरा एकत्र ताटातच बरा दिसतो.

पहिला हात दिल्यावर वस्तू इतकी भयानक दिसते की वाटतं मामांना परत देऊन यावं. पट्टे दिसतात, खालचं दिसतं. त्याला परत परत ब्रश मारत बसू नका, तसाच सोडा. दोन-तीन तासानं दुसरा हात, तो झाकतो. उन्हाळ्यात एप्रिल-मे मध्ये रंग ब्रशवरच वाळायला लागतो म्हणून सकाळी लवकर किंवा ब्रश थोडा ओला करून काम करा.

आता मजेचा भाग. झिजल्यासारखं दिसायला पाहिजे असेल तर पहिला रंग एक द्या, वाळला की कडांवर, कोपऱ्यांवर साधी मेणबत्ती घासा, वरनं दुसरा रंग द्या, वाळल्यावर २२० नं हलकं घासलं की मेण होतं तिथला रंग निघून खालचा दिसतो. जिथं खरंच हात लागून झिजलं असतं तिथंच घासायचं, मधोमध घासलं की कुत्र्यानं ओरबाडल्यासारखं दिसतं. तडे पाहिजे असतील तर दोन रंगांच्या मध्ये फेविकॉलचा जाड हात द्या आणि तो बोटाला चिकट लागतोय तोवरच वरचा रंग एकाच दिशेनं एकदाच ओढा. परत ब्रश फिरवला की तडे पुसले जातात. आधी फळीच्या तुकड्यावर करून बघा, माझे पहिले दोन तुकडे नुसते लिबलिबीत झाले.

मला स्वतःला स्टेन्सिल आवडतं. विकतची मिळतात त्यात सगळी विलायती फुलं आणि फुलपाखरं, त्यापेक्षा आपल्या घरातलं घ्या. सासूबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याच्या पदरावर देवळाच्या शिखरासारखी पायऱ्यापायऱ्यांची नक्षी आहे. ती मी चौकटीच्या वहीत उतरवली, नवऱ्याच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे गरम पाण्यात भिजवून वरचा काळा थर स्क्रबरनं काढला आणि त्या फिल्मवर ब्लेडनं कापली. पायऱ्या सगळ्या सरळ रेषेत असल्यामुळं कापायलापण सोपी, गोलाई असली की ब्लेड घसरतं. मग टीपॉयच्या चारी कडांना टेपनं चिकटवून स्पंजनं ठोकत रंग दिला. स्पंज रंगात बुडवला की आधी वर्तमानपत्रावर ठोकून ठोकून जवळजवळ कोरडा करायचा, ओला राहिला तर रंग फिल्मखाली शिरतो आणि शिखरं वितळल्यासारखी दिसतात. कोपऱ्यापासून सुरू करू नका, मधनं कोपऱ्याकडं जा, म्हणजे कमी-जास्त कोपऱ्यात दडवता येतं. माझ्या टीपॉयला एका कोपऱ्यात अडीच शिखर आलंय, त्यावर फुलदाणी ठेवलीय.

सासूबाई बघून म्हणाल्या, तू आता पेंटर झालीस. आपल्या गावात हे नवीन नाही, सिनेमावाल्या बाबुराव पेंटरांचं मूळ आडनावच मेस्त्री होतं.

शेवटी वरचा थर. चॉक पेंट तसाच ठेवला तर हाताचे डाग पितो. मेण की वॉर्निश, यावर लोक वाद घालतात, माझं साधं आहे, ज्याच्यावर कप-ताट ठेवायचं त्याला पाण्यातलं मॅट पीयू, तीन पातळ हात, आणि ज्याला नुसतं बघायचं त्याला मेण. ऑइलचं वॉर्निश हलक्या रंगावर पिवळं पडतं. मेण घरी करायचं तर १ भाग मधमाशीचं मेण आणि ३ भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवायचं, गॅस बंद करायचा, वाटी बाहेर लांब नेऊन मग टर्पेंटाइन घालायचं, पेटत्या गॅसजवळ कधीही नाही. सुती कपड्यानं पातळ लावा, वीस मिनिटानं पुसून चकाकी आणा. मेण पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे जातात. कुणी जवसाचं तेल लावायला सांगितलं तर एक लक्षात ठेवा, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

आणि हे सगळं दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत करा. मी एक स्टूल ऐन जुलैमध्ये मेण लावून ठेवलं होतं, बाहेर आठ दिवस धो-धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर, आणि स्टुलावर कुणीतरी वर्तमानपत्र ठेवलं. ते उचललं तर अर्धं राशिभविष्य स्टुलावरच राहिलं, आरशात धरून वाचता येत होतं.

कड्या, मुठी पितळी असतील तर रंगवू नका, काढून पितांबरीनं घासा आणि परत बसवा, नुसत्या त्या मुठींनी वस्तूचं वय कळतं. आणि टीपॉयच्या खालच्या बाजूला रंग देऊ नका, नुसतं पुसून एक हात चपडा मारून सोडा. उद्या कुणी परत तो मामांच्या दुकानात उलटा टाकलाच तर पाय सागवानाचे आहेत हे घेणाऱ्याला बघूनच कळेल, आणि मामांना आठशे मिळतील.